सातबाऱ्यावर नसलेले स्मशान

(नगरनियोजन आणि समाज या विषयावरील व्याख्यानाचा संपादित पाठ)



मृत्यूविषयी बोलणे मराठी माणसाला फारसे जड जात नाही. ‘अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या’ असे म्हणत हसणारी वृद्ध मंडळी घरोघरी असतात. मुंबईत एके काळी ‘सोनापूर’ एवढे नाव उच्चारले की पुढचे सांगावे लागत नसे. परंतु त्या गोवऱ्या जेथे रचायच्या ती जागा कोणाच्या मालकीची आहे, गावाच्या नकाशावर ती दाखवलेली आहे काय, आणखी वीस वर्षांनी ती पुरणार आहे काय, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारले जातात तिरडी बांधून झाल्यावर. त्या वेळी उत्तर मिळणे शक्य नसते. मिळते ती केवळ तडजोड.

ही तडजोड किती दारुण असू शकते हे महाराष्ट्राने एप्रिल २०२१ मध्ये पाहिले. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे कोरोनाने मृत्यू पावलेल्या आठ जणांना एकाच चितेवर अग्नी द्यावा लागला. अंत्यसंस्कारासाठी आधी जी जागा योजली होती तेथे स्थानिकांचा विरोध झाला, म्हणून दुसरी जागा शोधावी लागली आणि ती अपुरी पडली. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि सारा दोष साथीच्या माथी मारून विषय मिटला. वास्तविक पाहता साथीने नवे काहीच घडवले नव्हते. अधिकची जागा कागदावर कोठेच नव्हती, एवढेच तिने उघड्यावर आणले. पूर आला, अपघात झाला, उष्माघाताची लाट आली तर किती चिता एका वेळी पेटवता येतील, याचा हिशेब बहुतेक नगरपालिकांच्या दफ्तरात आजही सापडणार नाही.

कर्तव्य आहे, ते ऐच्छिक नाही

स्मशानाची व्यवस्था करणे म्हणजे नगरसेवकाने दाखवलेली कृपा आणि तिच्या कमानीवर त्याचे नाव हवे, असा एक समज रूढ झाला आहे. कायदा तसे म्हणत नाही. मुंबई महानगरपालिकेचा अधिनियम १८८८ चा आहे. मृतांच्या विल्हेवाटीच्या जागांचे नियमन करणे आणि त्यासाठी नव्या जागा उपलब्ध करून देणे, हे त्या अधिनियमाने पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले आहे. ‘नव्या जागा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शहर वाढणार, माणसे वाढणार आणि म्हणून जागाही वाढवाव्या लागणार, हे १८८८ च्या कायदेकर्त्यांना दिसत होते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दफन आणि दहनभूमी हा राज्यसूचीतील विषय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तो नगरपालिकांच्या अठरा विषयांपैकी एक आहे आणि तेथे विद्युत दाहिनीचाही उल्लेख आहे. मौजेची गोष्ट अशी की, ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी जी अकरावी अनुसूची आली, तिच्या एकोणतीस विषयांत स्मशानाचे नाव नाही. खेड्यात माणसे मरत नाहीत अशी कोणाची कल्पना असेल असे नव्हे. राहून गेले, इतकेच. महाराष्ट्रात ही उणीव ग्रामपंचायत अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीने भरून काढली आहे. दहनभूमी व दफनभूमी यांची तरतूद, देखभाल आणि नियमन हे तेथे ग्रामपंचायतीचे काम म्हणून नोंदलेले आहे. जागा देण्याचा मार्गही बंद नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी सरकारी पड जमीन जशी गायरानासाठी, गावठाणासाठी किंवा बाजारासाठी राखून ठेवू शकतो, तशीच दहन-दफनासाठीही ठेवू शकतो.

म्हणजे कर्तव्य ठरलेले आहे, अधिकार आहे, तरतूदही आहे. मग अडते कोठे?

हे समजण्यासाठी जुन्या मुंबईतील एक प्रसंग आठवावा. मरीन लाइन्सच्या परिसरातील सोनापूरची हिंदू स्मशानभूमी तेथून उठवून शिवडीकडे नेण्याचा विचार इंग्रज सरकारने केला होता. नाना शंकरशेट यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि स्मशानभूमी जेथल्या तेथे राहिली. नानांचे नाव शिक्षण आणि रेल्वे यांच्या संदर्भात घेतले जाते, त्या मानाने हे कार्य मागे पडले. गिरगाव-भुलेश्वरच्या माणसाला आपल्या मृताला खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जावे लागले असते, ही साधी अडचण नानांनी ओळखली होती. पहिली गोष्ट जागा असणे, दुसरी ती खांदेकऱ्यांच्या टप्प्यात असणे. आजच्या आराखड्यांत पहिली कशीबशी साधते. दुसरीचा विचार करणारा विरळा.

हिशेब

भावनेचा भाग बाजूला ठेवून थोडे गणित करणे आवश्यक आहे. देशाचा मृत्युदर दरहजारी सहाच्या आसपास आहे. दहा लाख वस्तीच्या शहरात वर्षाला सुमारे सहा हजार, म्हणजे रोज सोळा-सतरा मृत्यू झाले. त्यांपैकी बारा-तेरा जणांचे दहन होते असे धरू. लाकडाच्या चितेला ओटा लागतो आणि तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायची असेल तर तो ओटा तोवर अडलेला असतो. रोज बारा चिता आणि तीन दिवसांचा फेरा धरला तर छत्तीस ओटे हवेत. इतके ओटे अनेक ठिकाणी नसतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, कित्येकदा त्याच संध्याकाळी, ‘रक्षा लवकर उचला, मागे रांग आहे’ असे कुटुंबाला सांगितले जाते. परंपरा कोणी मोडली नाही, ती जागेअभावी आपोआप मोडली. धर्मशास्त्राविषयी आग्रही असणाऱ्यांनी महापालिकेच्या अंदाजपत्रकाविषयीही तेवढेच आग्रही का असावे, याचे उत्तर या छत्तीस ओट्यांत आहे.

लाकडाचा हिशेब वेगळाच. एका देहाला तीनशे किलो धरले तरी सहा हजार देहांना वर्षाला अठराशे टन लाकूड लागेल. विद्युत किंवा गॅस दाहिनीत एक दहन साधारण दीड ते दोन तासांत होते आणि रक्षा लगेच मिळते. जागा आणि लाकूड दोन्ही वाचतात, धूरही कमी होतो. दाहिनीविषयीचा जुना संकोच शहरांत बराच मावळला आहे; तथापि वीज गेली, विटांचे अस्तर ढासळले की दाहिनी महिनोन् महिने बंद राहते, हाही अनुभव आहे. त्यामुळे दाहिनी आली म्हणून ओटे काढून टाकणे शहाणपणाचे नाही.

दफनाचा हिशेब आणखी कठीण, कारण तेथे जागा फिरून लवकर मोकळी होत नाही. वाट सोडून एका दफनाला चार चौरस मीटर जागा धरली, तर वर्षाला हजार दफनांना चार हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर लागतो. वीस वर्षांच्या आराखड्यासाठी वीस एकर. शहरात वीस एकर कोण देणार? म्हणून जगभर जागेचा पुनर्वापर सुरू झाला आहे. सिंगापूरने १९९८ पासून दफनाची मुदत पंधरा वर्षांवर आणली. लंडनमध्ये २००७ च्या कायद्याने पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या कबरी पुन्हा वापरण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. मुंबईतील ख्रिस्ती दफनभूमींत काही काळानंतर अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यात ठेवण्याची पद्धत आहे. मुस्लिम कब्रस्तानांचा प्रश्नही मुंबईच्या पूर्व उपनगरांत इतका बिकट झाला की तो उच्च न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने महापालिकेला त्याबद्दल खडसावले. मृतदेहालाही सन्मान आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले होते. तो सन्मान देताना धर्म पाहून मोजमाप करण्याची मुभा कोणत्याही पालिकेला नाही.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक देशाच्या लोकसंख्येत साडेआठ टक्क्यांच्या आसपास होते. केंद्राच्या तज्ज्ञगटाचा अंदाज असा की २०३६ पर्यंत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होईल. आज आखले जाणारे आराखडे नेमके याच काळासाठी आहेत. शाळांची आरक्षणे ठरवताना मुलांची संख्या मोजतात. या वाढत्या वृद्धांची मोजणी रुग्णालयापर्यंत येऊन थांबते, त्यापुढचे पाऊल पडत नाही.

हरकतींचे दिवस

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यानुसार शहराचा विकास आराखडा निदान वीस वर्षांतून एकदा सुधारावा लागतो. प्रारूप प्रसिद्ध होते, नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते, शासन मंजुरी देते. या हरकतींच्या दिवसांत पालिकेच्या नगररचना विभागात गर्दी असते. रस्ता आपल्या भिंतीवरून जातो म्हणून आलेले असतात, मैदानाचे आरक्षण आपल्या प्लॉटवरून उठावे म्हणून आलेले असतात. ‘आमच्या प्रभागात स्मशानभूमी दाखवलेली नाही, ती दाखवा’ अशी हरकत नोंदवणारा मनुष्य क्वचितच. उलट ‘दाखवली आहे ती काढा’ असा अर्ज शंभर सह्यांनिशी येतो. सह्या करणाऱ्यांत सुशिक्षित, सज्जन, देवधर्म करणारी मंडळी असतात. त्यांचे म्हणणे एवढेच असते की स्मशान हवे, पण खिडकीतून दिसायला नको.

आणि आरक्षण टिकले तरी ते कागदावर टिकते. अंतिम आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत – ती पूर्वी सहा महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिने – पालिकेने संपादनाची पावले टाकली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे जमीन सुटते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर शहरातील जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या दुपटीच्या घरात जातो. पैसा थोडा आणि आरक्षणे अनेक, अशा वेळी रस्ता आधी घेतला जातो, मग उद्यान, मग बाजार. स्मशानासाठी मोर्चा निघत नसतो. जे तेथे जाणार ते मोर्चात येऊ शकत नाहीत आणि ज्यांनी त्यांना पोहोचवले ते पुन्हा त्या वाटेला जाऊ इच्छित नाहीत.

पुण्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली. त्यांपैकी दोन पुढे वेगळी काढण्यात आली. गाव म्हटले की ओढ्याकाठी दोन-चार गुंठ्यांचे स्मशान असते. तेथे वर्षाला पंधरा-वीस चिता पेटत. त्या गावात आता बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. स्मशान तेवढेच राहिले, अंत्ययात्रा वाढल्या आणि इमारतीत नंतर राहायला आलेल्यांना धुराचा त्रास होऊ लागला. धुराची तक्रार खोटी नसते. आजारी माणसाला, दम्याच्या मुलाला तो धूर सोसत नाही. पण त्यावरचा उपाय धूर शोषणारी यंत्रणा, उंच धुराडे, भोवती झाडांचा पट्टा हा आहे. शंभर वर्षे तेथे असलेले स्मशान उठवणे हा नव्हे. इमारतीला परवानगी देताना शेजारचे स्मशान नकाशात दिसत होते काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

नदीकाठच्या स्मशानांची कथा निराळी. नदीकाठ हा पवित्र, म्हणून पूर्वजांनी ती जागा निवडली, आणि तीच पूररेषेच्या आत सापडते. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत मोठ्या पुराच्या वेळी पाणी शिरते आणि अंत्ययात्रा शहरातील इतर स्मशानभूमींकडे वळवाव्या लागतात. मात्र त्याच कोल्हापूरकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. तेथे महापालिका अंत्यसंस्कार विनामूल्य करते आणि दहन लाकडाऐवजी प्रामुख्याने शेणींवर होते. होळी जवळ आली की ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ असे आवाहन होते आणि तालमी, मंडळे, शाळकरी मुले ट्रॉल्या भरभरून शेणी स्मशानात पोहोचवतात. दात्याचे नाव कोणत्याही चितेवर लिहिलेले नसते. कोणाच्या आजोबांना कोणाच्या गोठ्यातील शेणी लागल्या हे कोणालाच माहीत नसते. पालिका आणि समाज एकत्र आले तर काय होते याचा हा नमुना महाराष्ट्रातील अन्य शहरांनीही उचलण्यासारखा आहे.

एक गाव, अनेक ओटे

खेड्यांकडे वळले की विषय अधिक नाजूक होतो. दर पावसाळ्यात मराठवाडा-विदर्भातून एकाच स्वरूपाच्या बातम्या येतात: चितेवर ताडपत्री धरून उभे असलेले नातेवाईक, कमरेइतक्या पाण्यातून ओढा ओलांडणारी तिरडी, स्मशानाला रस्ता नाही म्हणून ग्रामपंचायतीच्या दारात ठेवलेला देह. शेड आणि रस्ता यांसाठी जिल्हा नियोजनातून जनसुविधेचा निधी मिळतो. पण निधी मिळण्यापूर्वी जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असावी लागते, आणि येथेच घोडे अडते. पिढ्यान् पिढ्या जेथे दहन होत आले ती जमीन सातबाऱ्यावर एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर निघते. आजोबांनी तोंडी दिलेली जागा नातू विकतो. खरेदीदार कुंपण घालतो आणि गावाला प्रथमच कळते की आपल्याला स्मशानच नव्हते. ज्या गावांत नोंद आहे तेथे अतिक्रमण आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात दिला होता, आणि सामाईक जमिनींच्या यादीत स्मशान व दफनभूमी यांचा स्पष्ट उल्लेख होता. निकाल आला; मोजणी किती गावांत झाली?

याहून अप्रिय गोष्ट पुढे आहे. कित्येक गावांत स्मशान एक नाही. गावचे वेगळे, वस्तीचे वेगळे. एकाला शेड, दिवा आणि पाण्याची टाकी, तर दुसऱ्याला नाल्याकडेचा उतार. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या, ओटे मात्र वेगळे राहिले. बाळासाहेब देवरसांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेविषयी जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, तिला पन्नास वर्षे उलटली. एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान हा आग्रह संघाच्या व्यासपीठावरून सातत्याने मांडला जातो. तो योग्यच आहे. परंतु यांपैकी मंदिराचे दार विनवणीने उघडू शकते, पाणवठा नळयोजनेने सुटू शकतो. स्मशान एक होण्यासाठी जमिनीचा एक तुकडा लागतो आणि त्यावर साऱ्या गावाचे नाव असावे लागते. ही गोष्ट बौद्धिकात सांगून होत नाही, ती तलाठ्याच्या दफ्तरात करून घ्यावी लागते. ज्या गावात शाखा आहे आणि दोन स्मशाने आहेत, तेथे ही घोषणा कोणत्या कार्यकर्त्याने गट क्रमांकापर्यंत नेली, असे एखाद्या वस्तीतील तरुणाने विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

हिंदू समाजात सर्वांचे दहन होते असाही एक गैरसमज आराखडे करणाऱ्यांत आहे. वीरशैव लिंगायत, दशनामी गोसावी, नाथपंथी, महानुभाव यांच्यात दफनाची किंवा समाधीची परंपरा आहे. दोन वर्षांखालील बालकाचे दहन न करता त्याला भूमीत ठेवावे, असे गृह्यसूत्रांतही सांगितले आहे. ही जागा वेगळी दाखवलेली नसेल तर ते कोवळे देह स्मशानाच्या कोपऱ्यात, दगड रचून, कोल्ह्या-कुत्र्यांच्या भरवशावर ठेवले जातात. पुढच्या वर्षी त्याच कोपऱ्यात शेडच्या खांबासाठी खड्डा खणला जातो. काय निघते ते मजूर कोणाला सांगत नाहीत.

भटक्या-विमुक्तांची तर गावाच्या नकाशावर घरेच नाहीत, मग स्मशान कोठून असणार? ज्यांना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. पालावर मृत्यू झाला तर मात्र गाव आजही विचारते, ‘तुम्ही कुठले?’ यांतील अनेक जमातींत दफनाची रीत आहे, आणि त्यासाठी लागणारी साडेसहा फूट जमीन मागण्यासाठी त्यांना सरपंचाच्या दारात रात्र काढावी लागते. गाव त्यांना परके मानते आणि तालुक्याच्या कागदावर त्यांचे नाव नसते. समाज एक आहे की नाही याची परीक्षा उत्सवात होत नाही.

हे काम कोणी व कसे करावे? प्रत्येक तालुक्यात पाच-सहा सेवानिवृत्त मंडळी असतातच. एखादे सर्कल ऑफिसर, एखादे भूकरमापक, एखादे वकील. त्यांनी महिनाभर प्रत्येक गावचा नकाशा आणि सातबारा काढून पाहिला तर स्मशान नोंदलेले आहे काय, किती गुंठे आहे, रस्ता नकाशावर आहे की फक्त पायाखाली, दफनाची जागा आहे काय, याची यादी तयार होते. नोंद नसेल तेथे ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारामार्फत कलम २२ खाली प्रस्ताव पाठवता येतो. खासगी जमिनीवर वहिवाट असेल तेथे मालकाच्या पिढीत जो समजूतदार आहे तो हयात असेपर्यंत बक्षीसपत्र करून घ्यावे. नंतर ते होत नाही. शहरात प्रारूप आराखडा प्रसिद्ध होण्याच्या आधी, म्हणजे विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होत असतानाच, आपल्या प्रभागाचे स्मशान त्यात आहे काय हे पाहावे. त्या नकाशात जे दिसत नाही ते पुढे कोणालाच दिसत नाही.

आणि मोजणीच्या दिवशी, खुंट रोवले जातील तेव्हा, दोन्ही वस्त्यांतील माणसे तेथे उभी असावीत.